तागाचा गालिचा घेतला, मस्त आहे, पण घेताना त्याचा रंग नीट बघा

हातमागाच्या प्रदर्शनातल्या एका स्टॉलवरून तागाचा गालिचा घेतला, वेण्या घालून गोल शिवतात ना तसला, रंग न दिलेला. अख्खा पावसाळा हॉलमध्ये पडून आहे, रोजची ये-जा त्याच्यावरूनच, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

शिलाई एक नंबर, एकही वेणी उसवलेली नाही. जाड आहे, थंडीत फरशी पायाला लागत नाही. नवा असताना रॉकेलसारखा वास मारतो आणि लोकांना वाटतं की ताग सडवतात त्याचाच हा वास, पण तसं नाहीये, गिरणीत ताग मऊ पडावा म्हणून त्याच्यावर खनिज तेल मारतात, त्याचा वास आहे तो, सावलीत वाऱ्यावर टाकला की हळूहळू जातो. सुरुवातीला तूस खूप गळतं, झाडू मारताना कळतं. पाणी सांडलं तर लगेच टिपून घ्या, आणि कडक उन्हात ठेवू नका, पिवळा पडतो.

आता रंगाचं. माझ्या गालिच्यात सोनेरी धाग्यांच्या मधे मधे करडे-काळपट धागे आहेत. स्टॉलवाल्या ताई म्हणाल्या हा नॅचरल शेड आहे, आणि दिसायला छानच दिसतो, पण नोकरीनिमित्त बंगालमधे राहिल्यामुळे हे काळपटपण कुठून येतं ते मला माहितीये.

तिकडे तागाला पाट म्हणतात. जुलै ते सप्टेंबर कापणी, पानं झडू देतात, मग काड्यांच्या पेंढ्या बांधून पाण्यात दाबून ठेवायच्या, याला पाट जाग देणं म्हणतात. साधारण १५ ते २० दिवसांत पाण्यातले जिवाणू सालीतलं पेक्टिन, म्हणजे तंतू चिकटवून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ, खातात आणि तंतू काडीपासून सुटतो. शंभर किलो हिरव्या पाटातून सुका तंतू निघतो जेमतेम पाच-सहा किलो, बाकीचं बरंचसं पाणी आणि काडी असते, पण सालीतला गर पाण्यातच कुजतो. हे सगळं संथ वाहत्या, स्वच्छ पाण्यात झालं तर तंतू सोनेरी निघतो. पण तसं पाणी आहे कुणाकडे? मग गावातलं तळं, नाहीतर बील म्हणजे नदीनं पात्र बदलल्यावर मागे राहिलेलं सरोवर, तिथेच गावभरचा पाट पडतो, त्यावर वजनाला केळीचे बुंधे आणि चिखलाची ढेकळं, आणि या बुंध्यातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य आणि चिखलातलं लोह मिळून तंतू काळा पडतो. म्हणजे गालिच्यातला प्रत्येक धागा नाही, पण काळपट धागा बऱ्याचदा साचलेल्या पाण्यातून आलेला असतो.

आणि त्या पाण्याचं काय होतं ते बघवत नाही. कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतात, पाणी चहासारखं काळं होतं, मग ऑक्सिजन न लागणारे जिवाणू ताबा घेतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. रोहू-कटला पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकतात, बरेच मरतात, मागूर-शिंगीसारखे हवेतून श्वास घेणारे मासे तेवढे तगतात. जे लोक त्याच बीलात मासे धरून पोट भरतात त्यांना हा फटका बसतो, आणि ऐन पावसाळ्यात बसतो, जेव्हा बऱ्याच माशांची पिल्लं वाढत असतात. चांगला पाऊस झाला, बाहेरून पाणी आलं तर सरोवर सावरतं, पण २०२२ सारख्या कमी पावसाच्या वर्षी जिथे पाणी उरलंय तिथेच पुन्हा पुन्हा पाट पडतो. कुजलेल्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस पाण्यातच राहतं, मग शेवाळ माजतं.

शेतकऱ्याला दोष द्यायचा माझा अजिबात इरादा नाही, त्याच्याकडे दुसरी जागाच नसते आणि कमरेएवढ्या त्या पाण्यात उभं राहून तंतू सोलायचं काम तोच करतो. आपल्याकडेही अंबाडीच्या काड्या अशाच डोहात, तळ्यात भिजत घालायचे, वाख काढून कासरे, दावी वळायचे. इंग्लंडात तर १५४१ सालीच नद्या-ओढ्यांत आणि जनावरं पाणी पितात त्या सार्वजनिक तळ्यांत हेंप (भांगेच्या जातीचं, धाग्यासाठी लावतात ते झाड) आणि जवस भिजवायला कायद्याने बंदी घातली होती, म्हणजे दुखणं जुनंच आहे.

उपाय आहेत की. बराकपूरच्या क्रायजाफ या सरकारी ताग संशोधन संस्थेनं क्रायजाफ सोना नावाची जिवाणूंची पावडर काढलीये, तिनं सडवायचे दिवस आठवडाभराने कमी होतात आणि तंतूचा रंगही सुधारतो. दुसरा उपाय म्हणजे आधी साल सोलून फक्त सालीच खड्ड्यात भिजवायच्या, त्याला पाणी खूपच कमी लागतं आणि तळं वाचतं. मेहनत मात्र वाढते, म्हणून भाव चांगला मिळाला तरच शेतकरी ते करणार ना.

मग घ्यायचा का? घ्या, प्लास्टिकच्या गालिच्यापेक्षा हा शंभरपट बरा, फाटला तर मातीत जातो. पण ब्लीच केलेला पांढरा नको, त्यात रंगावरून काहीच कळत नाही. सोनेरी बघा, बोटाने चोळा, टोचणारे कडक धागे जास्त असतील तर काडीच्या बुडख्याकडचा भाग नीट कुजलेला नसतो, तो माल सोडा. आणि ताग कुठे सडवलाय हे विचारा. ताईंना विचारलं तर म्हणाल्या पुरवठादाराला विचारून सांगते, अजून कळवलेलं नाही. पर्यावरणपूरक असं लेबल लावून विकताय तर हे माहिती असायलाच हवं, त्याचा एक स्टार कापतोय. पाचपैकी चार. टाकीत नाहीतर सालीच भिजवून काढलेला ताग कुणी विकत असेल तर खाली लिहा, दोनशे-तीनशे जास्त गेले तरी चालतील, मला बेडरूमसाठी अजून एक घ्यायचाय.