जुनी जीप की जुनी जिप्सी: खाऱ्या वाऱ्यात कोणती घ्यावी?

गेल्या चतुर्थीला चुलतभाऊ मुंबईहून आला तो मोबाईलमध्ये दोन फोटो घेऊनच. एकात कणकवलीजवळ फणसाखाली उभी असलेली महिंद्राची एमएम ५४० जीप, टप नाही, बॉनेटवर पाचोळा. दुसऱ्यात कुडाळची, मारुतीची १९९८ ची जिप्सी किंग, धुऊन-पुसून चकचकीत. आरतीची ताटं उचलायच्या आत त्याचा प्रश्न आला, "दादा, ह्यातली खयची घेव?"

देवगडला आमच्या आंब्याच्या कलमांकडे जायला सड्यावरून (उघड्या कातळपठारावरून) जांभ्याची खडबडीत वाट आहे. पावसात तिचा व्हाळ (ओढा) होतो. गाडी तिथवर चढली पाहिजे आणि घरच्या खळ्यात, आपल्या हातांनी दुरुस्त झाली पाहिजे, एवढ्याच त्याच्या अटी. मी दोन्ही गाड्या खोलून पुन्हा जोडल्यात, आधी जीप, मग जिप्सी. पण उत्तर एका वाक्यात देता येईना.

इंजिनाबद्दल बोलायला सगळ्यांनाच आवडतं, म्हणून ते आधी उरकतो. एमएम ५४० मध्ये बहुतेक वेळा प्युजोचं डिझेल इंजिन मिळतं, जुन्या गाड्यांत २,११२ सीसीचं. आवाज ट्रॅक्टरसारखा, पळण्याची घाई नाही, सकाळी हीटर प्लग तापेपर्यंत थांबावं लागतं. पण ओझ्याला कुरकुरत नाही. जिप्सी १९८५ मध्ये ९७० सीसीच्या पेट्रोल इंजिनावर आली, १९९६ ला १,२९८ सीसीची किंग आली आणि २००० पासून तिला एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक इंधन फवारणी) मिळालं. जिप्सी हलकी, साधारण हजार किलोची, आणि चिखलात तो हलकेपणाच तिला तारतो. जिथे माझी जीप स्वतःच्या वजनाने रुतून बसते, तिथून जिप्सी बकरीसारखी निघून जाते.

आता किनाऱ्यावरची गोष्ट. देवगड, मालवण, मिरकरवाडा, हर्णै, कुठल्याही बंदरावर जा. ट्रॉलर डिझेलवर चालतात, म्हणून डिझेलचा मिस्त्री, नोझल तपासणारा, पंप खोलणारा माणूस हाकेच्या अंतरावर असतो. कार्ब्युरेटर (इंजिनाला पेट्रोल-हवेचं मिश्रण देणारा भाग) नीट बसवणारा मात्र आता शोधावा लागतो, आणि सापडतो तो साठीच्या पुढचा. त्यात पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं बाष्प ओढतं आणि नव्वदीतले रबरी होस, डायफ्राम फुगवतं. १९९८ ची कार्ब्युरेटरवाली किंग घेतली, तर टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे होस पहिल्या आठवड्यात बदलायचे, हे खर्चात आधीच धरा. डिझेलच्या टाकीतही पाणी साचतंच, पण फिल्टरखालचा स्क्रू सैल करून ते काढून टाकता येतं. ब्लॉक बोअरिंगला पाठवायचा तर दोन्हींचं ठिकाण एकच, कोल्हापूरचं उद्यमनगर. फोंडा घाटाने सकाळी गेलात तर संध्याकाळी परत. इंजिनात जीप पुढे, पण थोडीच. पैसे मोजले की दोन्ही इंजिनं नवी होतात.

पत्र्याचं तसं नाही.

समुद्रापासून चार-पाचशे मीटरच्या आत गाडी ठेवणार असाल तर हा भाग दोनदा वाचा. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ पत्र्यावर बसतं आणि हवेतलं पाणी धरून ठेवतं. म्हणून पाऊस नसतानाही पत्रा ओलाच राहतो आणि गंज चोवीस तास काम करतो. जीपचा पत्रा जाड आणि सपाट. बाजूची पट्टी कुजली तर तेवढा तुकडा कापायचा, गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून नवा वाकवून आणायचा आणि वेल्ड मारायचा. घराच्या गेटचं वेल्डिंग करणारा माणूसही तो नीट लावतो. अख्खी बॉडीच गेली असेल तर हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणी जीपच्या बॉड्या नव्याने बनतात, ट्रान्सपोर्टने येतात.

जिप्सीचा पत्रा पातळ, त्याला घड्या आणि वळणं फार. मी आर्क वेल्डिंगचं साधं मशीन घेऊन तिच्या फ्लोअरवर बसलो, पहिल्याच टाक्याला भोक पडलं. ते बुजवायला गेलो तर रुपयाएवढं झालं. शेजारचा वेल्डर कमरेवर हात ठेवून बघत होता. म्हणाला, "ह्यो पत्रो न्हय रे, पापड आसा!" शेवटी सीओटू वेल्डिंगवाल्याला (वायूच्या आवरणात बारीक तारेने केलेलं, पातळ पत्र्याला चालणारं वेल्डिंग) कुडाळहून आणलं. जीपचा तेवढाच फ्लोअर मी दोन रविवारांत उरकला होता, जिप्सीला सात लागले. म्हणून माझा पहिला सवाल हाच असतो: तुमच्याकडे, किंवा बोलावलं तर घरी येणाऱ्या माणसाकडे, सीओटू वेल्डिंग आहे का? नसेल तर जिप्सीचा नाद सोडा. घरच्या सिंगल फेजवर आर्क मशीन लावलं की अख्ख्या वाडीचे दिवे मिचमिचतात, हा भाग वेगळाच.

चासीचाही तोच फरक. जीपच्या चासीचा बराचसा भाग उघड्या, सी आकाराच्या पट्ट्यांचा. आत हात जातो, ब्रश जातो, गंज दिसतो. जिप्सीची चासी बंद पेटीसारखी. चिखल आणि वाळू भोकांतून आत शिरतात आणि आतल्या आत कुजवतात. वरून काळा रंग चमकत असतो. मागच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) शॅकलजवळ, म्हणजे पाटा चासीला जोडणाऱ्या कडीजवळ, बॉडीच्या माउंटिंगजवळ आणि पुढच्या बंपरमागे हातोडीने ठोकून बघा. चांगली चासी खणकते, कुजलेली भद्द बोलते. भद्द आवाज आला तर किंमत निम्मी केली तरी घेऊ नका.

रंगाच्या बाबतीत आपल्याकडचा जुना शिरस्ता दोन्ही गाड्यांना सारखाच मारक आहे. गंज घासायचा, रेड ऑक्साइड फासायचा, लांबी (पुट्टी) भरायची आणि वर रंग. लांबी पाणी पिते. रेड ऑक्साइड एकटा ठेवला तर तोही ओल आत सोडतो. पुढच्या शिमग्याला फोड आलेच. उघड्या पत्र्यावर फॉस्फोरिक ॲसिडवाला गंजरोधक, तो वाळला की धुऊन इपॉक्सी प्रायमर, आणि लांबी लागलीच तर ती इपॉक्सीच्या वर, अगदी पातळ. पोकळ भागांत मेणाचा फवारा. जिप्सीच्या दारांत आणि चासीत तो नसेल तर बाकीचं सगळं काम फुकट जातं. जीपला पोकळ जागाच कमी, म्हणून तिथेही ती सुटते. आमचे जुने लोक होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावत. मी जीपच्या लाकडी फळ्यांना ते लावून पाहिलं, फळ्या टिकल्या. पण ब्रेकच्या रबराजवळ असलं काही नेऊ नका.

कामाचं वेळापत्रक आपल्याकडे हवामानच ठरवतं. पावसाळ्यात फवाऱ्याने रंग मारला तर तो पांढरट पडतो. दसऱ्याला गाडी खोलायला घ्यावी, दिवाळीनंतर पत्र्याचं काम, रंग डिसेंबर-जानेवारीत, आणि आंब्याच्या पेट्या सुरू व्हायच्या आत गाडी चाकांवर. जिप्सीने हे वेळापत्रक मोडलं होतं, खोलून ठेवलेली बॉडी एक अख्खा पावसाळा माटवात (मांडवात) पडून राहिली. तेव्हा प्लॅस्टिकच्या ताडपत्रीने घट्ट झाकली, ही माझी चूक. आत घाम धरला. त्यापेक्षा चारी बाजूंनी वारा खेळणारा झापांचा माटव बरा, खाली मात्र कोबा हवा. आणि गाडी धुताना विहिरीचं पाणी चाखून बघा. खाडीकाठच्या बऱ्याच विहिरी एप्रिलपासून मचूळ होतात. त्या पाण्याने धुतलेल्या गाडीला आपण स्वतःच मीठ लावत असतो.

सुधारणा करायच्या तर दोन्हींचं दुखणं वेगळं. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. व्हाळातून बाहेर पडल्यावर काही वेळ ब्रेक असतो असं फक्त म्हणायचं. स्टिअरिंग फिरवायला दंड लागतात. बरेच जण बोलेरोचं पॉवर स्टिअरिंग बसवतात, आणि काम करणारा जाणता असेल तर फरक स्वर्गाएवढा पडतो. जिप्सी किंगला पुढे डिस्क ब्रेक आहेत, स्टिअरिंग हलकं आहे, पण पाट्यांचा कडकपणा असा की मागे बसलेली काकी पुन्हा बसत नाही. हौशी लोक पाटे उंच करून लांब शॅकल लावतात. त्याने स्टिअरिंगचा कोन बिघडतो आणि साठच्या वेगाला पुढची चाकं थरथरू लागतात. मी तरी पाट्यांना नवे बुश आणि बरे शॉकअप एवढ्यावरच थांबलो. जिप्सीचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा) गिअरबॉक्सपासून वेगळा, मधे छोटा शाफ्ट. त्याचे रबर माउंट गेले की गाडी घरघरते आणि मिस्त्री उगाच गिअरबॉक्स खोलायला निघतात. आधी रबर बघायला सांगा.

वायरिंग दोन्हींचं सरळ नवं करा. त्यासाठी मोटारीच्या दुकानात जाण्याआधी बंदरावरच्या इलेक्ट्रिशियनला भेटा. ट्रॉलरवर तो कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर वापरतो. ती खाऱ्या हवेत हिरवी पडत नाही. अर्थिंगच्या पट्ट्याही त्याच तांब्याच्या लावा. माझ्या जीपचे हेडलाइट इतक्या वर्षांत पहिल्यांदा रस्ता दाखवू लागले ते यानेच. स्नॉर्केल, विंच वगैरे मुंबईच्या पाहुण्यांसाठी.

कागदपत्रांत मात्र गंमत करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवर (नोंदणीपत्रावर) जे नोंदलंय त्याच्याशी विसंगत असा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. जिप्सीत डिझेल इंजिन घालायचा मोह अनेकांना होतो. तशी गाडी आरटीओत फिटनेसला उभी करून बघा, म्हणजे कळेल. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी, सोबत पर्यावरण कर, आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट. ५० वर्षांपुढची, मुळाबरहुकूम ठेवलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, पण मग ती रोज आंब्याच्या पेट्या वाहायला काढायची नाही. लष्कराच्या लिलावातल्या म्हणून सांगितलेल्या जिप्सी खूप फिरतात. चासी नंबर पेन्सिलने कागदावर उमटवून घ्या आणि आरसीशी ताडा. एकाच गाडीत दोन गाड्या जोडलेल्या मी पाहिल्यात.

बघायला जाताना आणखी दोन गोष्टी. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं, तेव्हा पाण्यात गेलेल्या गाड्या नंतर इकडेतिकडे विकल्या गेल्या. डॅशबोर्डमागे, सीटच्या रुळांत, दिव्यांच्या आत बारीक गाळाची रेघ शोधा. दुसरी गोष्ट जीपपुरती. जीपसारखी दिसणारी प्रत्येक महिंद्रा फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद जाणारी) नसते. वडापसाठी (शेअर प्रवासी वाहतुकीसाठी) विकल्या गेलेल्या कित्येक गाड्या टू व्हील ड्राइव्ह होत्या. वाकून बघा, पुढच्या अ‍ॅक्सलला क्राउनचा गोळा (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा फुगीर डबा) आणि त्याला जाणारा शाफ्ट आहे का.

मग माझा कौल? ओझं वाहायचं, वेल्डिंग स्वतः करायचं आणि घर समुद्राला लागून, तर जीप, डोळे झाकून. घर आत घाटाच्या बाजूला, घरातल्या बायका-पोरांनीही चालवायची आणि सीओटूवाला ओळखीचा, तर २००० नंतरची एमपीएफआय जिप्सी, कार्ब्युरेटरवाली शक्यतो नको. आणि यातलं काहीच नको, फक्त रविवारी सड्यावर जायचंय, तर २०१० नंतरची पहिल्या पिढीची थार घ्या. खोलायची मजा नाही, पण बायको बोलणार नाही.

चुलतभावाला मी हेच सांगितलं. तो म्हणाला, जीपच घेऊया. दुसऱ्या दिवशी कणकवलीला गेलो, फणसाखालचा पाचोळा बाजूला केला आणि मी गाडीखाली सरकलो. पुढच्या अ‍ॅक्सलला सरळ नळी. गोळा नाही, शाफ्ट नाही. मालक म्हणाला, "पण स्टिकर तर फोर बाय फोरचाच आसा."

आता येत्या रविवारी कुडाळला जायचंय, त्या १९९८ च्या जिप्सीकडे. भाऊ पैसे घेऊन येणार आहे, मी हातोडी घेऊन.