एक्सआरडीपी: सात महिने रोज वापरल्यावर

गेले सात महिने माझं निम्मं काम दुसऱ्या खोलीतल्या डेबियन लिनक्स मशीनवर चालतं. त्याला ना मॉनिटर, ना कीबोर्ड. लॅपटॉपवरून एक्सआरडीपीने, म्हणजे दूरच्या लिनक्स मशीनचा डेस्कटॉप आपल्या स्क्रीनवर आणणाऱ्या प्रोग्रामने, जोडायचं, काम झालं की विंडो बंद करायची. रात्री अर्धवट सोडलेली फाइल सकाळी कर्सर होता तिथेच उघडी मिळते. एवढ्या एका सोयीसाठी मी हे काढणार नाही.

इन्स्टॉल पटकन झालं, पण पहिली संध्याकाळ काळ्या स्क्रीनने खाल्ली. पासवर्ड घातला की स्क्रीन काळी आणि दोन सेकंदांत कनेक्शन बंद. पासवर्डच चुकतोय असं समजून मी तो तीनदा बदलला. दुखणं वेगळंच होतं. मशीनवर ऑटो लॉगिन चालू होतं, म्हणजे माझंच ग्नोम डेस्कटॉपचं सेशन (लॉगिन केल्यावर चालू होणारं सगळं) तिथे आधीपासून उघडं. त्याच युजरचं दुसरं काही उभं राहीना. ऑटो लॉगिन बंद केलं, एक्सएफसीई (ग्नोमसारखाच दुसरा डेस्कटॉप) टाकलं, होम फोल्डरमधल्या डॉट एक्ससेशन (.xsession) फाइलीत ते सुरू करणारी एक ओळ लिहिली. त्यानंतर काळी स्क्रीन आलेली नाही. शिवाय एक्सएफसीई हलकं असल्याने माउस मागे रेंगाळत नाही.

तिसऱ्या महिन्यात मात्र पोटात गोळा आला. फोनवरून जोडलं तर डेस्कटॉप कोरा, एकही विंडो नाही! फोनच्या ॲपमध्ये कलर डेप्थ (रंगांची बारकाई) १६ बिट होती, लॅपटॉपवर ३२. एक्सआरडीपी मुळात युजर आणि कलर डेप्थ या जोडीवरून जुनं सेशन शोधतं. जुळलं नाही की नवं उघडून देतं. फोनवर ३२ केलं आणि सगळं होतं तसं समोर आलं.

एक गोष्ट कळकळीने सांगते: राउटरवर ३३८९ पोर्ट (एक्सआरडीपी ज्यावर जोडणी घेतं ते दार) इंटरनेटसाठी उघडू नका. या पोर्टावर दारं ठोठावणारे बॉट दिवसरात्र फिरत असतात. मी एक्सआरडीपी फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्या मशीनच्या आतूनच आलेलं, ऐकायला लावलंय आणि बाहेरून एसएसएच टनेलमधूनच (सांकेतिक केलेल्या सुरक्षित जोडणीतून) येते, तेही पासवर्डने नाही, एसएसएच-की (किल्लीची फाइल) वापरून. आधी व्हीएनसी (दूरचा डेस्कटॉप दाखवणारी दुसरी पद्धत) वापरायचे, पण त्याचा नेहमीचा पासवर्ड पहिली ८ अक्षरंच धरतो हे कळल्यावर मन उडालं.

व्हिडिओ अडखळतो. आवाजासाठी वेगळं मॉड्यूल लागतं, ते मी टाकलेलं नाही. आणि मशीन रीस्टार्ट झालं की सेशन जातंच, म्हणून कर्नल (सिस्टिमचा गाभा) अपडेट करून रीस्टार्ट करण्याआधी मी सगळ्या फाइली सेव्ह करते.