अठरा कॅरटचे कॉन्स्टेलेशन: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीत मी १९६० च्या दशकातले ओमेगा कॉन्स्टेलेशन हे मनगटी घड्याळ घेतले: १८ कॅरट सोन्याची केस, म्हणजे बाहेरचे कवच, तारीख नसलेली तबकडी आणि आत ५५१ क्रमांकाचे, हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे स्वयंचलित यंत्र. घरी पहिला प्रश्न आला तो "किती तोळ्यांचं?" हाच. २२ कॅरटची सवय जडलेल्या आपल्या डोळ्यांना हजारात ७५० भाग सोने जरा उणेच वाटते. प्रत्यक्षात तेही मऊच पडते. टेबलाच्या कडेला एकदाच हात घासला आणि लगवर, म्हणजे पट्टा जिथे अडकतो त्या केसच्या टोकावर, ओरखडा उमटला. तो मी तसाच ठेवला आहे, कारण जुन्या सोन्याच्या घड्याळाची किंमत वजनापेक्षा लगच्या धारदार कडांत असते आणि प्रत्येक पॉलिशला त्या कडा थोड्या गोलावतात.

घेण्यापूर्वी झाकणाच्या आत भिंगाने हेल्वेशियाचे, म्हणजे स्वित्झर्लंडचे प्रतीक असलेल्या स्त्रीचे, मस्तक पाहून घेतले होते. १९९५ पर्यंत १८ कॅरटला स्वित्झर्लंडमध्ये हीच मोहोर असे, १४ कॅरटला खारीची. झाकणाच्या बाहेर आठ तारे आणि वेधशाळा कोरलेली आहे. वेधशाळांच्या अचूकतेच्या चाचण्यांत मिळवलेल्या यशाची ती खूण, आणि १९५२ पासूनच्या या मालिकेचा सगळा रुबाब त्यावरच उभा आहे. तबकडी उपड्या ताटलीसारखी कडेला बारा पैलूंनी उतरते. आपल्या बाजारात नव्याने रंगवलेल्या तबकड्यांचा सुळसुळाट असल्यामुळे मी अक्षरांच्या कडाही तपासल्या; त्या स्वच्छ निघाल्या.

यंत्राने मात्र दुसऱ्याच महिन्यात रंग दाखवला. दिवसाला चाळीस सेकंद मागे पडू लागले. विकणाऱ्याने "सर्व्हिस झालेली आहे" असे छातीठोकपणे सांगितले होते. घड्याळजींनी उघडले तेव्हा तेल पार वाळलेले होते. त्यांनी तांबूस झळाळीचे ते यंत्र मला भिंगातून दाखवले, आणि १८४८ साली स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फों गावात लुई ब्रांट यांनी सुरू केलेल्या व्यवसायाची, म्हणजे पुढच्या ओमेगाची, परंपरा किती निगुतीची होती, हे मला जाहिरातीपेक्षा त्या स्क्रूंकडे पाहून अधिक पटले. सर्व्हिसनंतर ते रोज सहा सेकंद पुढे जाते, जे साठीच्या घरातल्या यंत्राला शोभून दिसते.

पावसाळ्यात एकदा काचेखाली वाफ धरली, म्हणून जून ते सप्टेंबर ते कपाटातच राहते. घामाची तर मला कायमच धास्ती. पूर्ण चावीवर ते साधारण ५० तास चालते. शुक्रवारी रात्री दहाला काढून ठेवले, तर रविवारी मध्यरात्रीच्या सुमारास थांबते, आणि सोमवारी सकाळी चहा होईपर्यंत मी चावी देत बसतो.