मोटोजीपी २४: ब्रेक कुठे मारायचा हे कळायलाच मला महिना लागला, तरी पाचपैकी साडेचार स्टार

पहिल्या दिवशी मला एक अख्खी लॅप न पडता पूर्ण करता आली नाही. हे आधीच सांगते, कारण खूप जण मोटोजीपी या बाइक रेसिंग स्पर्धेवरचा हा व्हिडिओ गेम घेतात, तासभर खेळतात, दहा वेळा पडतात आणि कंट्रोल्सच खराब आहेत म्हणून एक स्टार देऊन मोकळे होतात. कंट्रोल्स खराब नाहीयेत. बाइक अशीच असते.

मी मुजेलो निवडला होता, इटलीतला, रेसेस बघून बघून तो ट्रॅक पाठ झालाय असं वाटत होतं. ११०० मीटरपेक्षा लांब सरळ पट्टा, ज्याच्यावर २०२३ मध्ये ब्रॅड बिंडरने ताशी ३६६.१ किमीचा रेकॉर्ड केला, आणि त्या पट्ट्याच्या शेवटी सान डोनाटो नावाचा उजवा कॉर्नर. कार गेममध्ये जिथे ब्रेक मारला असता तिथे मारला तर बाइक सरळ खडीत. मग जरा आधी मारला पण झुकता झुकता मारत राहिले तर पुढचं चाक निसटलं आणि बाइक एकीकडे मी दुसरीकडे. मग अजून आधी, नीट सरळ असताना मारला, कॉर्नरमध्ये आत गेले पण, आणि बाहेर येताना खुशीत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि मागच्या चाकाने मला हवेत उडवलं. एकाच कॉर्नरला तीन वेगवेगळ्या प्रकारे पडले, आणि खरं सांगू का, तिथेच मला हा गेम आवडला, कारण तिन्ही वेळेला मी का पडले ते मला कळलं होतं.

माझा भाऊ कार रेसिंगमध्ये एकदम पक्का आहे, तो शेजारी बसून सारखा "ताई, ब्रेक मार की, ब्रेक!" करत होता. मग त्यालाच कंट्रोलर दिला. दुसऱ्या कॉर्नरला गेला खाली. कारला चार चाकं असतात, ब्रेक मारत मारत वळलात तर जास्तीत जास्त गाडी फिरते, गिअर टाकून परत निघता. बाइकचा टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा भाग, आणि ब्रेकिंग, वळणं, वेग घेणं हे सगळं त्याच तेवढ्याशा रबरावर चालतं. टायरकडे ग्रिप ठराविकच असते, ब्रेकला जास्त दिली की वळायला उरत नाही. म्हणून सरळ असताना ब्रेक जोरात, आणि जसजशी बाइक झुकेल तसतसं बोट हळूहळू सोडत जायचं, कॉर्नरच्या आतल्या टोकापर्यंत थोडासा ब्रेक धरून ठेवायचा. यालाच ट्रेल ब्रेकिंग म्हणतात आणि या गेमचा अर्धा जीव त्यातच आहे. ब्रेकचा ट्रिगर, म्हणजे कंट्रोलरवरचं बोटाने दाबायचं बटण, एकदम सोडलात तर पुढचा सस्पेन्शन वर येतो आणि बाइक बाहेर पळते, उशिरा सोडलात तर पुढचं चाक जातं. मधली जागा फार बारीक आहे पण एकदा बोटाला सापडली ना की मग कार गेम सपक वाटायला लागतो, निदान मला तरी लागला.

हायसाइडचं पण सांगायला हवं कारण नवीन लोक सगळ्यात जास्त त्यालाच वैतागतात. झुकलेल्या बाइकला जास्त ॲक्सिलरेटर दिला की मागचं चाक जागेवर फिरत बाहेर घसरतं, इथपर्यंत ठीक असतं, पण घाबरून ॲक्सिलरेटरचा ट्रिगर एकदम सोडला की त्या चाकाला अचानक परत ग्रिप मिळते, बाइक झटक्यात सरळ होते आणि चालवणाऱ्याला वरून फेकते. म्हणजे चूक दाबण्यात होते पण फेकलं जातं सोडताना. हे कळल्यावर मी घसरलं तरी ट्रिगर हळूच सोडायला शिकले आणि पडणं निम्म्यावर आलं.

आता यातली खरी अडचण, जी या प्रकारच्या सगळ्याच गेम्सना आहे. खरी बाइक चालवणारा माणूस हातातून, मांडीतून, बुडाखालून सगळं ऐकत असतो, पुढचं चाक हलकं झालं की हँडल सांगतं. इथे आपल्याकडे काय आहे, तर एक अंगठा आणि स्क्रीन. कारवाल्यांना स्टीअरिंग व्हील मिळतं जे हाताला झटके देतं, बाइकसाठी घरात ठेवण्यासारखं तसं काही सहज मिळत नाही, त्यामुळे हँडल, गुडघे, खांदे, कंबर या सगळ्यांचं काम कंट्रोलरवरच्या एका छोट्या स्टिकने करायचं. वेगात असताना खरी बाइक डावीकडे झुकवायला हँडलची डावी बाजू पुढे ढकलावी लागते, गेममध्ये स्टिक डावीकडे केली की ते सगळं तो स्वतः करतो. मला हे फसवणं वाटत नाही, अंगठ्याला तेवढी मदत पाहिजेच. पण स्टिक झटकायची नाही! खऱ्या मोटोजीपीत बाइक ६० अंशांच्या पलीकडे झुकते, एका बाजूच्या झुकावातून दुसऱ्या बाजूला यायला वेळ लागतो, तो वेळ धरून आधीच सुरुवात करावी लागते. नेदरलँड्समधल्या असेन ट्रॅकच्या शेवटच्या शिकेनला, म्हणजे लागोपाठच्या उलटसुलट वळणांना, मी कितीतरी दिवस उशीरच करत होते.

मदतीची सेटिंग्ज भरपूर आहेत. न्यूरल एड्स म्हणून आहेत, म्हणजे ब्रेक, ॲक्सिलरेटर, वळणं यात कॉम्प्युटर आपल्याला हात देतो. सुरुवातीला दोन-तीन दिवस ठेवा, ट्रॅकची ओळख होते, पण तिथेच राहू नका कारण मग तुम्ही बाइक चालवत नसता, बाइक तुम्हाला फिरवून आणत असते. मी आधी ब्रेकची मदत काढली, मग पुढचा आणि मागचा ब्रेक वेगळा केला, आणि ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे मागचं चाक जागेवर फिरू न देणारी मदत, मात्र अजून बऱ्यापैकी वर ठेवलाय, त्यात कमीपणा काही नाही, खऱ्या बाइक्सनासुद्धा तो असतोच. रिवाइंड पण वापरा. रेस जिंकायला नको, शिकायला वापरा, एकच कॉर्नर पाच वेळा मागे घेऊन वेगवेगळ्या जागी ब्रेक मारून बघा.

करिअर मोटो३ या सगळ्यात खालच्या वर्गापासून सुरू करा, ही माझी हात जोडून विनंती आहे. मोटो३ म्हणजे २५० सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन, ताकद कमी, त्यामुळे हायसाइडची भीती कमी आणि कॉर्नरमध्ये वेग टिकवायची सवय लागते. त्याच्या वरच्या मोटो२ मध्ये ७६५ सीसीचं ट्रायम्फ इंजिन येतं, तिथे ॲक्सिलरेटरला मान द्यायला शिकता. मग १००० सीसीवाली मोटोजीपी बाइक. सरळ वरच्या बाइकवर बसलात तर तिन्ही धडे एकदम येतात आणि एकही नीट होत नाही. शिवाय मोटो३ च्या रेस मला अजून सगळ्यात जास्त आवडतात, पंधरा-वीस जण एकमेकांच्या हवेच्या आडोशाने जात असतात आणि शेवटच्या कॉर्नरपर्यंत काहीच ठरलेलं नसतं.

यावेळी ॲडॅप्टिव्ह डिफिकल्टी आणलीये, म्हणजे तुम्ही जसे चालवता त्याप्रमाणे समोरच्यांचा वेग तो आपोआप कमी-जास्त करतो. मला हे फार उपयोगी पडलं. एरवी समोरचे किती अवघड हवेत त्याचा आकडा लावत बसावं लागतं, एका ट्रॅकवर आपण सगळ्यांच्या पुढे आणि पुढच्या ट्रॅकवर शेवटचे. स्टुअर्ड्स, म्हणजे रेसचे पंच, पण आहेत, कोणाला धडकलात की शिक्षा देतात. आवाज चांगला, ग्राफिक्स चांगले, त्यावर मी जास्त बोलत नाही कारण ताशी ३०० ने जाताना बघायला फुरसत नसते. हेल्मेटमधून दिसणारा कॅमेरा मात्र एकदा तरी लावून बघा, अवघड आहे पण झुकाव अंगावर येतो.

अर्धा स्टार कापला तो शिकवण्यासाठी. ट्युटोरियल्समध्ये काय करायचं ते सांगतात पण का ते पुरेसं सांगत नाहीत, आणि वर मी जे ट्रेल ब्रेकिंगचं लिहिलं ते मला पडून पडून समजलं. एवढ्या अवघड गोष्टीत नवीन माणसाला धरून ठेवायचं असेल तर कारण समजावलंच पाहिजे.

हाच घ्यावा का दुसरा? आपल्या आवडीच्या रस्त्यावरच्या बाइक्स जमवायच्या असतील तर याच स्टुडिओचा राइड ५ बघा. भीती काय असते ते बघायचं असेल तर टीटी आइल ऑफ मॅन हा गेम, तिथे साधारण ६० किमीची एक लॅप आहे, दोन्ही बाजूला घरं आणि दगडी भिंती, चुकायला जागाच नाही. आणि अगदी खोलात शिरायचं असेल तर पीसीवर जीपी बाइक्स आहे, त्यात चालवणाऱ्याचं अंगसुद्धा वेगळं हलवता येतं, पण तिथे पहिला आठवडा नुसतं सरळ जायला शिकण्यात जाईल याची तयारी ठेवा. पहिल्यांदाच खेळणार असाल तर मोटोजीपी २४ च बरा.

माझं सध्या झाक्सनरिंगवर अडलंय, जर्मनीतला छोटासा ट्रॅक, १३ कॉर्नर आणि त्यातले १० डावे. डावीकडे झुकून झुकून अंगठ्याला तीच सवय लागते आणि मग अकरावा कॉर्नर येतो, उजवा, वेगातला, आणि पुढे रस्ता एकदम खाली उतरतो. खऱ्या रेसमध्येसुद्धा टायरची उजवी बाजू तोवर थंड पडलेली असते म्हणून भलेभले तिथे घसरतात. काल सलग नऊ लॅप न पडता झाल्या, माझ्यासाठी ती मोठी गोष्ट आहे, दहाव्या लॅपला तिथेच थोडा आधी ॲक्सिलरेटर दिला आणि गेले. आज तिथे एक गिअर वर ठेवून बघणार आहे.