टो बार झिजलाय: घरी उघडायचा, उत्पादकाकडे पाठवायचा की नवा घ्यायचा?

मोटारहोममागे (राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीमागे) छोटी गाडी ओढणारा, दोन सरकत्या दांड्यांचा टो बार एका दिवसात निकामी होत नाही. आधी ब्रेक मारला की मागून ठोका ऐकू येतो. मग दांडी लॉक व्हायला, म्हणजे पूर्ण लांबीवर अडकून बसायला, आढेवेढे घेते, आणि पुढे ती हाताने धरूनही खुळखुळते. अशा वेळी मी घरी उघडायच्या बाजूचा आहे, पण एकाच अटीवर: झिजलेला भाग झिजण्यासाठीच बसवलेला असला पाहिजे.

बुश (पिनेभोवतीची झिजणारी नळी), पिना, लॉकची स्प्रिंग, रबरी बूट (धूळ अडवणारं आवरण) हे तसे भाग. त्यांची झीज ठरलेलीच असते आणि अनेक मॉडेलना त्यांचा दुरुस्ती संच मिळतो. दांड्यांच्या नळ्या, वेल्डिंगचे सांधे आणि पिनेची भोकं म्हणजे मात्र बारचा सांगाडा. म्हणून खर्चाचा हिशेब मांडण्याआधी तारेच्या ब्रशने बार स्वच्छ करा. वेल्डच्या कडेला रंगातून गंजाची बारीक रेघ उतरली असेल, तर तिथे तडा असल्याचं धरून चाला. भोक व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या सरकत्या पट्टीने) उभं-आडवं मोजा. दोन मापं जुळली नाहीत तर ते लांबट झालंय, आणि नवी पिन घालून ते गोल होणार नाही. जोडणी ५० मिमीच्या टो बॉलवर (बार ज्यावर बसतो त्या पोलादी गोळ्यावर) असेल तर बॉलही तीन-चार दिशांनी मोजा. कुठेही ४९ मिमी किंवा त्याखाली भरला, तर तो बदलायचाच.

सांगाडा धड निघाला तर घरचं काम सर्वांत स्वस्त पडतं. वेळ किती लागेल हे गंजलेले बोल्ट ठरवतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं तर बराच त्रास वाचतो. व्हाइस, सर्क्लिपचा (पिन अडवणाऱ्या स्प्रिंगच्या कडीचा) पक्कड, पिन ठोकून काढायचा पितळी ड्रिफ्ट आणि ठरलेल्या जोरानेच नट आवळणारा टॉर्क रेंच एवढं हवंच. डोळ्यांवर सुरक्षा चष्मा हवा, कारण लॉकची स्प्रिंग सुटली की थेट तोंडाकडे येते. एका वेळी एकच दांडी उघडा, दुसरी समोर नमुना म्हणून राहू द्या.

घरी खरी चूक होते ती बोल्टमध्ये. ८.८ दर्जाच्या बोल्टची ताणशक्ती ८०० मेगापास्कल, १०.९ ची १००० असते. चकाकतो म्हणून निवडलेला ए२-७० स्टेनलेस बोल्ट ७०० वरच थांबतो. तेव्हा काढलेल्या बोल्टच्या डोक्यावरचा आकडा वाचा आणि तोच दर्जा आणा. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे) प्रत्येक वेळी नवे, आणि टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, माहितीपुस्तिकेतलाच. सरकत्या नळीवर जाड ग्रीस चोपडायचा मोहही होतो. त्यात वाळू अडकते आणि ती नव्या बुशला कानशीसारखी घासते. पुस्तिकेत वेगळं सांगितलं नसेल तर सिलिकॉन स्प्रे पुरतो.

उत्पादकाकडे पाठवलं तर त्यांना आतल्या झिजेची मर्यादा ठाऊक असते आणि दांडीचा सरळपणाही तपासला जातो. वाहतुकीचा खर्च होतो, बारशिवाय दिवस काढावे लागतात. तरी बार जुन्या बाजारातून घेतला असेल किंवा लॉक ओढ दिल्यावर सुटत असेल, तर मी हीच वाट धरीन. लॉकबद्दल अंदाजाने काम करू नये.

दांडी वाकली, तडा दिसला, भोक लांबट झालं किंवा संच मिळेनासा झाला, तर नवाच घ्यावा. मागची गाडी बदलून जास्त वजनाची आली असेल तरीही. जुन्या बारवर कोरलेल्या क्षमतेपेक्षा गाडीचं वजन जास्त असेल, तर नवे बुश बसवून ती क्षमता वाढत नाही.

चौथी वाट बरेच जण सुचवतात: झिजलेल्या जागी वेल्डिंगचा भराव घालून घासून घ्यायचं. ती मी मोजतच नाही. पोलादाची जात ठाऊक नसते, वेल्डशेजारची पट्टी उष्णतेने बदलते, आणि बारवर लाखो वेळा ओढ-ढकल होत असल्याने तडा नेमका तिथून सुरू होतो. वर जस्ताचा थर असेल तर त्याच्या धुराने थंडी-तापही भरतो.

घरी जोडून झाल्यावर आधी मोकळ्या जागेत हळू वळणं घेऊन दोन्ही दांड्या आपोआप लॉक होतात का पाहा. पहिल्या छोट्या फेरीनंतर सगळे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. सुरक्षा साखळ्या बारच्या खालून एकमेकींवर फुलीसारख्या घ्या. जोडणी सुटलीच तर बार रस्त्यावर न रुतता त्या फुलीवर तोलला जातो.