एकबारी रायफलचा इजेक्टर सुधारल्यानंतर: काही महिन्यांच्या वापराचा अनुभव

माझी रायफल एकबारी, मधून मोडून उघडणारी, .२४३ विंचेस्टर काडतुसाची. नळी उघडली की इजेक्टरने रिकामी पुंगळी (उडवलेल्या काडतुसाचं धातूचं कवच) खांद्यावरून मागे भिरकावायची, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. नवी असताना कधी ती भिरकावली जायची, कधी अर्धी बाहेर येऊन थांबायची. कधी तर इजेक्टर नुसता टक् करून पुंगळीच्या बुडावरून निसटायचा आणि पुंगळी चेंबरमध्येच, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या भागातच, राहायची. मग नळीच्या तोंडाकडून सफाईचा गज घालून ती ढकलायची. एकबारी रायफल घेणारा पहिल्याच गोळीचा विचार करतो हे खरं, पण जनावर जखमी झालं तर दुसरी गोळी ताबडतोब देणं हे शिकाऱ्याचं कर्तव्य आहे. तिथे गज शोधत बसणं मला मान्य नाही. म्हणून हे काम केलं. त्यानंतर रायफलने ऊन, पाऊस, धूळ सगळं पाहिलं आहे, त्यामुळे आता खात्रीने लिहिता येतं.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो: स्प्रिंगला शेवटी हात लावा. इजेक्टर कमजोर वाटला की बहुतेक जण पहिल्यांदा जास्त ताठ स्प्रिंग शोधतात. पुंगळी अडकण्याचं मूळ कारण बहुधा दुसरीकडेच असतं.

बार उडतो तेव्हा पितळी पुंगळी दाबाने फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि दाब उतरला की किंचित आकसते. हे आकसणं पुरेसं झालं तर ती सहज सुटते. पोलादी चेंबरसुद्धा दाबाने किंचित ताणलं जातं आणि परत मूळ मापावर येतं. दाब प्रमाणाबाहेर गेला की पितळ कायमचं फुगतं, पोलाद मात्र परत येतं आणि पुंगळीला आवळून धरतं. .४५-७० सारख्या जुन्या काडतुसाची कमाल दाबमर्यादा २८,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे, .३०-३० ची ४२,०००, तर .२४३ ची ६०,०००. शिवाय पहिल्या दोघांना बुडाशी रुंद रिम, म्हणजे बाहेर आलेली कड, आहे. .२४३ ला रिम नाही, फक्त एक अरुंद खाच आहे आणि इजेक्टरची नखी त्या खाचेच्या छोट्याशा भागातच अडकते. जास्त दाब, कमी पकड, म्हणून या रायफलींमध्ये रिमलेस काडतुसं जास्त त्रास देतात.

बोल्ट रायफलमध्ये, म्हणजे मागचा दांडा (बोल्ट) सरकवून उघडणाऱ्या रायफलमध्ये, बोल्टची मूठ वर उचलतानाच उतरत्या कडेमुळे पुंगळी थोडी मागे ओढली जाते. ती ओढ संथ पण प्रचंड ताकदीची असते. आपल्या इजेक्टरकडे ही सोय नाही. त्याच्याकडे आहे तो स्प्रिंगचा एक फटका. पुंगळी आधीच मोकळी असेल तर फटका पुरतो, चिकटलेली असेल तर नखी खाचेतून घसरते. मार्टिनी-हेन्री या तरफेने उघडणाऱ्या जुन्या ब्रिटिश एकबारी रायफलचा इतिहास इथे आठवतो. जानेवारी १८८५ मध्ये सुदानमधल्या अबू क्लिआच्या लढाईत पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेल्या तिच्या पुंगळ्या अडकल्या होत्या. पुढे त्या रायफलच्या चौथ्या आवृत्तीत तरफ लांब करण्यात आली आणि काडतुसांसाठी अखंड ओढीव पितळी पुंगळ्या आल्या. एकीकडे ओढण्याची ताकद वाढवली, दुसरीकडे पुंगळीच सुधारली. आपल्याला तरफ लांब करता येत नाही, म्हणून पुंगळी मोकळी सुटेल हेच पाहायचं.

तपासणीला मी सगळ्यात जास्त वेळ दिला. उडवलेल्या पुंगळीचं अंग भिंगाखाली बघा. चेंबर कोरताना राहिलेल्या हत्याराच्या रेषा असतील तर त्यांच्या बारीक गोल खुणा पितळावर उमटतात. माझ्या पुंगळ्यांवर बुडाच्या थोडं वर अशा खुणा स्पष्ट दिसत होत्या. दुसरी चाचणी साधी: तीच पुंगळी थंड नळीत बोटाने परत सरकवा आणि नळी उभी धरा. ती आपोआप खाली आली तर चेंबर ठीक आहे. अडून राहिली तर मळ, खरखरीतपणा किंवा माप यांपैकी काहीतरी आहे. तिसरी गोष्ट प्रायमरची, म्हणजे पुंगळीच्या बुडातल्या, ठिणगी देणाऱ्या छोट्या टोपीची. तो सपाट होऊन खोबणीच्या कडांपर्यंत पसरला असेल किंवा बुडावर चकचकीत दाबल्याच्या खुणा असतील तर तिथेच थांबा. तो दोष काडतुसाच्या दाबाचा आहे, इजेक्टरवर काम करून तो झाकणं धोक्याचं आहे. माझ्याकडे अशी चिन्हं नव्हती, म्हणून पुढे गेलो.

पहिलं काम चेंबरची खरी सफाई. नळी सगळेच साफ करतात, पण नळीचा ब्रश चेंबरमध्ये सैल फिरतो आणि भिंतीवरची काजळी तशीच राहते. चेंबरच्या मापाचा वेगळा ब्रश घ्या, सॉल्व्हंट मुरू द्या, आणि शेवटी चेंबर पूर्ण कोरडं करा. चेंबरमध्ये तेल ठेवलं की पुंगळी सहज सुटेल, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. तेलकट भिंतीला पुंगळीची पकड मिळत नाही आणि मागच्या लॉकवर येणारा धक्का वाढतो. एवढ्या सफाईनेच माझा अर्ध्याहून जास्त त्रास कमी झाला.

नंतर पॉलिश. कापसाचा बोळा गजावर बसवून, धातू चमकवायची बारीक पेस्ट लावून, ड्रिल अगदी मंद फिरवत फक्त पुंगळीचं अंग जिथे टेकतं तेवढ्याच भागात काही सेकंद. मग पुसून बघायचं. पुंगळीचा खांदा (अंग निमुळतं होऊन मान सुरू होते तो भाग) जिथे टेकतो तिथे आणि त्याच्या पुढच्या घशात अजिबात जायचं नाही. हेतू रेषांची टोकं बोथट करण्याचा आहे, माप वाढवण्याचा नाही. पॉलिश पेपर किंवा कानस चेंबरमध्ये नकोच. हेडस्पेस, म्हणजे बंद रायफलमध्ये काडतुसाला पुढे-मागे मिळणारी नेमकी जागा, बदललं तर रायफल बंदूक-कारागिराकडेच न्यावी लागते, आणि खरं तर हे पॉलिशही हात बसलेला नसेल तर त्याच्याकडूनच करून घ्यावं.

इजेक्टर काढताना डोळ्यांवर चष्मा आणि वर कापड हवंच, कारण पिन निघाली की दाबलेली स्प्रिंग उडते. बाहेर काढल्यावर कारण हातात आलं. नखीच्या दोन्ही बाजूंना बर, म्हणजे घडणीत राहिलेली धातूची खरखरीत कड, शिल्लक होती. इजेक्टर सरकतो त्या खोबणीच्या कडेला घासल्याच्या चकचकीत खुणा होत्या. म्हणजे स्प्रिंगच्या ताकदीचा मोठा भाग या घर्षणातच जात होता. मी बाजू आणि दांडा बारीक पॉलिश पेपरने काचेवर घासून गुळगुळीत केला, खोबणीतली जुनी ग्रीस आणि लोखंडाचा कीस काढला. नखीची जी कड पुंगळीच्या खाचेत बसते तिला धार हवी, म्हणून तिला हात लावला नाही. पुंगळीचं बूड जिथे टेकतं तो पृष्ठभागही घासायचा नाही, त्याने आधार कमी होतो. स्प्रिंग मूळ मापाचीच, पण नवी घातली, कारण जुनी एका बाजूला वाकली होती. ताठ स्प्रिंगने नळी बंद करायला जोर लागतो, अटकावाची (दाबलेला इजेक्टर अडवून धरणाऱ्या भागाची) कड लवकर झिजते, आणि पुंगळी इतक्या वेगाने मागे येते की चेहऱ्याला धोका असतो. सगळं जोडल्यावर आधी डमी काडतुसांवर तपासलं, मग रेंजवर गेलो.

कारखान्याची पितळी काडतुसं आता न चुकता बाहेर पडतात, नळी सावकाश उघडली तरीही. पावसात भिजलेल्या दिवशी फरक पडला नाही. बारीक, कोरड्या धुळीत मात्र दिवसाच्या शेवटी इजेक्टर जरा सुस्त झाला. खोबणीत ग्रीस होती आणि धूळ तिला चिकटली होती. तेव्हापासून तिथे ग्रीसऐवजी कोरडं वंगण वापरतो, आणि ती तक्रार गेली.

स्वतः काडतुसं भरणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. फक्त मान (गोळी बसते तो तोंडाकडचा भाग) आवळून मापावर आणलेल्या पुंगळ्या पहिल्या काही भरणांना छान चालतात, नंतर त्यांचं अंग फुगत जाऊन चेंबरमध्ये घट्ट बसतं. या रायफलमध्ये पुंगळीचं पूर्ण अंग आवळूनच भरा, बंद करतानाही आणि उघडतानाही फरक कळतो. लाखेचा लेप दिलेल्या पोलादी पुंगळ्या अजूनही त्रास देतात, विशेषतः नळी तापलेली असताना. पोलाद पितळासारखं पुरेसं आकसत नाही, त्यामुळे पॉलिशचा त्यावर उपाय होत नाही. मी त्या वापरणं बंद केलं.

इजेक्टर नीट चालू लागल्यावर एक नवी अडचणही आली: गवतात उडालेल्या पुंगळ्या सापडत नाहीत. पुन्हा भरणाऱ्याला हे खटकतं. रुगर नंबर वन या ब्लॉक खाली सरकणाऱ्या रायफलमध्ये इजेक्टरची स्प्रिंग काढली की पुंगळी उडत नाही, फक्त बाहेर सरकते, ती सोय मला फार आवडते. माझ्या रायफलमध्ये अशी सोय नाही, म्हणून रेंजवर नळी उघडताना पुंगळीवर तळहात धरतो. शिकारीला जाताना मात्र तिला उडू देतो.

देखभाल आता एवढीच: प्रत्येक वापरानंतर चेंबर ब्रशने साफ करून कोरडं करायचं, आणि काही महिन्यांनी पिन काढून अटकावाची कड भिंगाखाली बघायची. गेल्या तपासणीत ती जशीच्या तशी होती, नखीचा कोपराही शाबूत होता. पिन मात्र मधोमध किंचित चपटी झाली आहे, ती पुढच्या खोलणीत बदलेन.