समुद्रकाठच्या घराची पन्हळ: पीव्हीसी की ॲल्युमिनियम?

समुद्रकाठच्या घराला पन्हळ बसवताना पावसाइतकाच खाऱ्या वाऱ्याचाही विचार करावा लागतो. पीव्हीसी गंजत नाही, हा त्याचा निर्विवाद गुण. मात्र वर्षानुवर्षांच्या उन्हाने ते ठिसूळ होते, आणि तापमानात ३० अंशांचा फरक पडला की ३ मीटरची पन्हळ सुमारे ५ ते ६ मिलिमीटर लांबते किंवा आखडते, त्यामुळे जोडापाशी तेवढी जागा न सोडल्यास सांधा सुटून भिंतीवर ओघळ येतात.

ॲल्युमिनियम याच्या निम्म्याहूनही कमी पसरते आणि वादळी वाऱ्यात अधिक ताठ राहते. त्यावर तांबडा गंज चढत नसला, तरी रंग खरवडला गेलेल्या जागी क्षारामुळे बारीक खड्डे पडतात व पांढुरकी भुकटी दिसू लागते. म्हणून कापलेल्या कडा लगेच सीलबंद कराव्यात आणि ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्क्रू नायलॉनच्या वॉशरसह वापरावेत. एवढी काळजी घेणार असाल, तर माझा कौल जाड, रंगलेपित ॲल्युमिनियमलाच आहे. लाटांचे तुषार थेट घरावर येत असतील, तर मात्र पीव्हीसीच बरे.

उतार दोन्हींना सारखाच, ३ मीटरला किमान ६ मिलिमीटर. वळचणीखालची बाजू पावसाने धुतली जात नाही, तिथे मीठ साचत राहते. ती अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावी.